बोटांना पाठ असलेलं यंत्र

सातारा, ४ फेब्रुवारी १९७४

टिंग! — ओळ संपत आली की जुन्या टाइपरायटरची घंटी वाजायची, आणि हंबीरराव म्हणायचा, "पुढं, मास्तर!" आज दुपारी डुलकी लागली होती, तेव्हा ती स्पष्ट ऐकली. दचकून उठलो. ओसरीवर कोणी नाही. यंत्र झाकलेलं.

शाळेतली ती वर्षं! संमेलनाच्या कविता मी म्हणायचो, हंबीरराव स्टेन्सिलवर उतरवायचा. पलटणीत कारकुनी करून आमच्या शाळेत कारकून म्हणून आलेला गडी. नजर खिडकीबाहेर, बोटं कळांवर. एक चूक नाही! चिमणीच्या कवितेला तर माझ्याआधी त्याचाच गळा भरून यायचा.

६ फेब्रुवारी

वाचनालयाचा टायपिंगचा वर्ग आमच्या ओसरीवर भरतो, शाळेकडून घेतलेल्या त्याच जुन्या यंत्रावर. आता नवं मराठी यंत्र घ्यायचं म्हणतात. व्यापारी आठ दिवस वापरून बघा म्हणून ठेवून गेला. पसंत पडलं तर जुनं बदल्यात नेणार. निवड माझ्यावर सोपवलीय — नेमकी माझ्यावर!

वर्ग घेतात त्या विजयमालाबाईंचा हात जुन्यावर बसलेला. सवयीने नव्यावर 'सातारा' टाइप केलं, कागदावर उमटलं 'लपमपकप'! अक्षरांच्या जागाच निराळ्या. बाई खो-खो हसल्या.

मी लगेच म्हटलं, "मग राहू दे की जुनंच."

"आणि मुलींनी काय करायचं, सर? परीक्षेला आता हाच कळफलक. तुमच्या आठवणींवर नोकरी देतंय का कुणी?"

जीभ तिखट बाईंची. खरं बोलतात, हाच ताप.

९ फेब्रुवारी

दहिवडी गाडीचा कंडक्टर ज्ञानू चहाला थांबला. हंबीररावाच्याच गावचा. विचारलंच.

"आवं, त्येंचं डोळं गेलं की. काचबिंदू. आता उंबऱ्याभायेर पडत न्हाईत, कुणाशी बोलत न्हाईत. निस्ती मांडीवर बोटं हलवत बसत्यात. सून म्हनती, जप चाललाय."

जप! मला ठाऊक आहे तो कसला जप.

म्हटलं, "सांग त्याला, आपलं यंत्र अजून ओसरीवर आहे. ये म्हणावं."

१२ फेब्रुवारी

दहिवडीची गाडी आली. गेली.

१४ फेब्रुवारी

नवं घेतलं. पोरींच्या वाटेत मी कोण आडवा पडणार? व्यापाऱ्याने जुनं हातगाडीवर घातलं. वळणावर गाडी आदळली आणि घंटी वाजली — एकदाच. मी आत येऊन उगाच पाणी प्यालो.

१६ फेब्रुवारी

वर्ग सुटल्यावर कडी वाजली. दारात हंबीरराव! ज्ञानूच्या खांद्यावर हात. किती वाळलाय!

"कुठाय रं गड्या आपलं मशीन?"

हात धरून नव्यापुढे बसवलं. त्याने कळा चाचपल्या, पाठ ताठ केली. "लय मऊ चालतंय. तेल घातलंस व्हय? बोल, मास्तर."

चिमणीची कविता म्हणू लागलो. बोटं तीच, चाल तीच. कागदावर नुसतं लपमपकप.

टिंग!

"नीट उठतंय न्हवं?"

"अगदी," मी म्हटलं. "पुढची ओळ घे."