खुंटीवरचा कोट

नागपूर,
दि. १४ नोव्हेंबर १९७७

तीर्थस्वरूप इंदुकाकूंस,
नत्थूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही प्रतापनगरचे घर सोडून नरखेडला भावाकडे गेल्यापासून पत्र लिहीन लिहीन म्हणत होतो. तिकडे थंडी पडली असेल. संत्र्याची तोडणी सुरू झाली असेल. गुडघ्याला तेल लावत जा.

मी बरा आहे. खोली तीच, खानावळ तीच. संध्याकाळी ऑफिस सुटले की सगळे एकदम सायकली काढतात, आणि सीताबर्डीच्या चौकापर्यंत कोण कोणत्या टेबलाचा ते ओळखू येत नाही. हे मी पाहिले असे मला वाटले होते. मग आठवले की काकांनी ते त्यांच्या एका गोष्टीत आधीच लिहून ठेवले आहे. आजकाल असेच होते. स्वतःचे म्हणून काही पाहताच येत नाही.

कंपनीचे निमंत्रण सोबत पाठवतो आहे. ते मीच टाईप केले. काकांना जाऊन वर्ष होत आले म्हणून कंपनीने त्यांच्या नावाने कर्मचाऱ्यांची कथास्पर्धा ठेवली. बक्षीस समारंभ येत्या सत्तावीस तारखेला, रविवारी आहे. बक्षिसे तुमच्या हातून द्यायची आहेत. काकांचा फोटोही मोठा करून हॉलमध्ये लावणार आहेत. फोटो रिटायर झाले त्या निरोपाच्या दिवशीचाच, कोटातला.

कोटांची रीत अजून आहे. साहेबांनी आत बोलावले की दाराबाहेरच्या खुंटीवरचा करडा कोट चढवायचा आणि मग आत जायचे. कोट कंपनीचे, सगळे एकाच मापाचे, मे महिन्यातही तेच. काकांच्या पहिल्या पुस्तकातली पहिली गोष्ट याच कोटांची. आत जातो तो कोट, ‘यस सर’ म्हणतो तो कोट, बाहेर आल्यावर माणसाला विचारा तर त्याला काही आठवत नाही. त्या गोष्टीपायी काकांना रेकॉर्डच्या खोलीत टाकले आणि रिटायर होईपर्यंत तिथेच ठेवले. आता त्याच माणसाच्या नावाने स्पर्धा आहे, आणि प्रत्येक खात्याने गोष्टी दिल्याच पाहिजेत असा हुकूम निघाला. आमचे हेडक्लार्क रुपरावजी म्हणाले, “मेल्यावर माणूस कंपनीचाच होते गा. जित्तेपणी थोडा उरला असते, तोही मंग घेऊन टाकतात.”

गोष्टी तपासायला माझ्याकडे आल्या. नववीपर्यंत शिकलेला मी, पण शुद्धलेखन काकांनी पक्के करून घेतले, म्हणून. सगळ्या गोष्टींत प्रामाणिक कारकून होता आणि शेवटी त्याला बढती मिळत होती. मी ऱ्हस्व-दीर्घ नीट करून दिले.

एक गोष्ट माझीही होती. तिला पहिले बक्षीस मिळाले आहे. ती मला स्टेजवर वाचायची आहे.

काकू, गोष्ट आपल्या घरची आहे. निरोपाच्या दिवशी फोटोसाठी काकांना कोट घालायला लावला, आणि हार-नारळाच्या गडबडीत ते कोटासकटच घरी गेले. दुसऱ्या दिवशी खुंटी रिकामी दिसली आणि तो परत आणायला साहेबांनी मला सायकलवर पाठवले. तुम्ही कोटाला इस्त्री करून ठेवली होती. म्हणालात, “बस गा नत्थू, चहा घे. कोट काही पळून नाही जाऊन राहिला.” काका बनियनवर बसले होते. मला ‘जी’ लावून हाक मारणारे ते एकटेच. म्हणाले, “नत्थूजी, बाह्या झटकून घ्या बरं. माहा एखादा हात राहिला असंल आत.” मी हसलो. वाटेत कोट कॅरिअरवरून घसरला. उतरून बांधताना बाही माझ्या हातात आली, आणि मग मला हसू येईना.

मी एवढेच लिहिले होते. बक्षीस मात्र याला मिळालेले नाही.

साहेबांनी मला आत बोलावले. “नत्थू, अक्षर फर्स्ट क्लास. भाषा शुद्ध. फक्त शेवट बदलून टाक. कंपनीने तो कोट त्यांना कायमचा भेट दिला, असं लिही. क्या फरक पडता है? गोष्टच तर आहे.”

मी कोट घालूनच उभा होतो. मी ‘यस सर’ म्हणालो.

बाहेर आल्यावर रुपरावजींना सांगितले, की मला खरे तेच वाचायचे आहे. ते म्हणाले, “काहून गा? नोकरी नाही पाहिजे का तुले?” माझे नोकरीत पक्के होण्याचे कागद साहेबांच्या टेबलावर आहेत. बहिणीच्या सोयरिकीवाल्यांनीही तेच विचारले आहे, मुलीचा भाऊ पक्का झाला का म्हणून. खरी आणि बदललेली, दोन्ही गोष्टी मी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवल्या आहेत. रोज दोन्ही वाचतो. दोन्हींत एकही चूक नाही.

तुम्ही आला नाहीत, तर मी बदललेली वाचीन. अडखळणार नाही. तुम्ही पहिल्या रांगेत बसलात, तर ती माझ्या तोंडून निघणार नाही, कारण त्या कोटाला इस्त्री तुम्ही केली होती. मग पुढे काय होईल ते मला चांगले कळते.

कंपनीच्या पत्रात ‘अवश्य उपस्थित राहावे’ असे आहे. ते कंपनीने सांगितले म्हणून लिहिले. इथे मी लिहितो, काकू, या. सकाळच्या एस.टी.ने या, मी स्टँडवर येईन.

स्टेजवर आम्ही सगळे कोटात असू, सारखेच दिसू. मी ओळखू आलो नाही, तर काका मारायचे त्या नावाने हाक मारा.

तुमचा,
नत्थू