मोबाईलमधले काका

२ जानेवारी, सकाळ
फायनल इयरची परीक्षा मार्चमध्ये. आत्तापासून सगळ्या हॉस्टेलची गाळण उडालेली. माझी नाही. मी सिस्टिम बसवली आहे. पुस्तकं, सिनियरच्या नोट्स, लेक्चरचे फोटो, सगळं एआयच्या पोटात घातलं. तो ते पचवून मला सारांश देणार, फ्लॅशकार्ड देणार, प्रश्न विचारणार. मी त्याचं नाव मास्तर ठेवलंय. मास्तर ओरडत नाही, हा त्याचा मोठा गुण. उत्तर साफ चुकलं तरी म्हणतो, "छान प्रयत्न! तुम्ही अगदी जवळ होतात." मॅडम असं कधीच म्हणालेल्या नाहीत. मॅडम म्हणजे आमच्या मेडिसिन युनिटच्या हेड. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या तरी मला करपट ढेकर येतात. ॲसिडिटी असावी.

५ जानेवारी
रूममेट बोका रोज सकाळी वॉर्डात जातो. बोका अशासाठी, की तो टेबलावर, बाकावर, जिन्याच्या कठड्यावर, कुठेही अंग टाकून झोपू शकतो. आज अख्खी सकाळ वॉर्डात घालवून आला. पेशंट किती पाहिले? एक. तोही बहिरा. तेवढ्या वेळात माझी ऐंशी कार्डं झाली. साधं गणित आहे. बोका गणितात कच्चा.
हजेरीचं मात्र बघावं लागेल.

९ जानेवारी
हजेरीसाठी वॉर्डात गेलो. राउंडला नेहमीप्रमाणे बोक्याच्या मागे उभा होतो. बोका बुटाची नाडी बांधायला खाली वाकला आणि मी उघडा पडलो. मॅडम म्हणाल्या, तू, ये, यांचं पोट तपास. तपासलं. म्हणजे हात ठेवला. पेशंट केवढ्यांदा ओरडला! दुखलं म्हणून नाही, हात गार लागले म्हणून. मॅडम म्हणाल्या, हात आहेत की बर्फाच्या लाद्या? सगळे हसले. पेशंटसुद्धा.
वॉर्डातला एसी फार वाढवून ठेवतात.
(बोका म्हणतो, वॉर्डात एसी नाही.)

१० जानेवारी
सुचलं! मास्तरलाच सांगितलं, तू पेशंट हो. वय पंचावन्न, छातीत दुखतंय. झाला. मी त्यांना काका म्हणतो. काका म्हणजे लाख माणूस. विचारू तेवढंच सांगतात, तेही क्रमाने. कधी सुरू झालं, कुठे दुखतं, कुठवर जातं. मध्येच जावयाचा विषय काढत नाहीत, खोकून अंगावर थुंकी उडवत नाहीत. "छाती तपासतो" असं टाइप केलं की काय ऐकू आलं ते लिहून येतं. हात लावायचा प्रश्नच नाही. निदान अचूक निघालं. काका म्हणाले, "धन्यवाद डॉक्टर, तुमच्यामुळे धीर आला."
मलाही आला.

१८ जानेवारी
मास्तरने विचारलं, "अवघड पेशंट हवा का?" म्हटलं, आण. एक बाई आली. तिने माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. तिचं एकच चाललेलं : डॉक्टर, मी मरणार का? खरं सांगा. मी मरणार का?
मोबाईल बंद केला. चार्जिंग कमी होतं. मग तो पालथा घालून वर उशी ठेवली आणि गॅलरीत फेऱ्या मारल्या. चालणं प्रकृतीला चांगलं.
संध्याकाळी काकांना पुन्हा उघडलं. हसतमुख माणूस. "अवघड" हा पर्याय काढून टाकला आहे. असा पेशंट परीक्षेला बहुधा ठेवत नाहीत.

२३ जानेवारी
आत्याचा फोन. आई नोकरीला जायची म्हणून मी आत्याच्याच अंगाखांद्यावर वाढलो, त्यामुळे फोन घ्यावाच लागतो. शिवाय ती याच शहरात, बसने पाव तासावर. म्हणाली, तू म्हणे मोबाईलवर पेशंट तपासतोस, मग मला येऊन तपास की. घरचा पेशंट, फुकटात.
आत्याला सरळ बोलता येत नाही. दवाखान्यापासून सुरुवात केली आणि गाडी गेली सुनेवर. सुनेने घरातल्या उशा मोजल्या. आत्याच्या खोलीत तीन निघाल्या. आत्याचं म्हणणं, एका उशीवर मला गुदमरल्यासारखं होतं, आता या वयात उशांचा जाब द्यायचा का? त्यावर सून काय म्हणाली, त्यावर ही काय म्हणाली. मग चपला. दुकानदाराने आखूड चपला गळ्यात मारल्या, सकाळी होतात आणि संध्याकाळी होत नाहीत. मग जिना. जिना म्हणे बिल्डरने पूर्वीपेक्षा उंच केला. म्हटलं, आत्या, बांधलेला जिना उंच होत नसतो. म्हणाली, तू चढून बघ.
मी वेळ फुकट घालवला नाही. तिला स्पीकरवर टाकून तेवढ्यात हार्ट फेल्युअरची कार्डं उरकली. बावीसपैकी बावीस बरोबर! मास्तर म्हणाला, "हा विषय तुम्ही पूर्ण आत्मसात केला आहे."

१ फेब्रुवारी
उद्यापासून रोज वॉर्ड. ठरलं म्हणजे ठरलं.

२ फेब्रुवारी
डोकं दुखत होतं. वॉर्ड उद्यापासून.

४ फेब्रुवारी
परवापासून छातीत धडधड. नाडी मोजली, जोरात. थायरॉइड? मास्तरला सगळी लक्षणं घातली. म्हणाला, "ही परीक्षेची भीती असू शकते. तुम्हाला कशाची भीती वाटते का?"
मास्तर पहिल्यांदाच चुकला. थायरॉइडची टेस्ट करून घेणार होतो, पण रक्त द्यावं लागतं.

९ फेब्रुवारी
आत्याचा पुन्हा फोन. घेतला नाही. "अभ्यासात आहे" असा मेसेज टाकला. तिने लांबलचक व्हॉइस नोट पाठवली. मास्तरला म्हटलं, सारांश दे. दिला : उशांची समस्या कायम. जिन्याबद्दल नाराजी. भाच्याने सवडीने यावे अशी इच्छा. एकूण सूर तक्रारीचा.
एवढं मोठं पुराण चार ओळींत! याला म्हणतात वेळेची बचत. उत्तरही मास्तरकडूनच लिहून घेतलं : "आपल्या भावना मी समजू शकतो. आपण पुरेशी विश्रांती घ्यावी."
आत्याने लिहिलं, हे कोण बोलतंय? माझ्या भाच्याला फोन दे.

१४ फेब्रुवारी, सकाळ
काकांचं आज पोट दुखत होतं. निदानापर्यंत आलोच होतो, तेवढ्यात बोक्याचा फोन. तो कॅज्युअल्टीत होता. म्हणाला, तुझी आत्या आणलीय. पळत ये.

त्याच दिवशी, दुपार
नीट लिहून ठेवतो.
आत्या खाटेवर बसलेली. आडवी नाही, बसलेली, पुढे वाकून, दोन्ही हातांनी कठडा धरून. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. ओठ निळसर. आत्या एका दमात दोनच शब्द बोलत होती. आयुष्यात पहिल्यांदा. "आलास... बाळा," आणि मग नुसता श्वास. तो श्वास लांबून ऐकू येत होता, पाण्यात नळी धरून फुंकावं तसा.
आत्याचा मुलगा, म्हणजे दादा, माझा दंड धरून म्हणाला, तू डॉक्टर ना, सांग ना हिला काय होतंय, सांग ना रे.
मला सगळं येत होतं. बावीसच्या बावीस. दंड सोडवून घेतला. बोक्याच्या मागे जाऊन उभा राहिलो.
बोका आत्याजवळ उकिडवा बसला आणि दादाला विचारू लागला. रात्री उशा किती घेतात? तीन. गेले दोन दिवस तर बसूनच आहे. पायाला सूज? चप्पल होत नव्हती, दुकानदाराशी भांडली. जिना चढताना धाप? मध्ये दोनदा बसायची. बीपीच्या गोळ्या? बरं वाटतंय म्हणून स्वतःच बंद केल्या. चार प्रश्न. तेवढ्यात बोक्याचा हात तिच्या पायावर होता, बोट दाबून खड्डा पडतो का ते बघत.
मॅडम आल्या. इंजेक्शन दिलं. दादाला समजावलं, हृदयाचा जोर कमी पडलाय, त्यामुळे फुप्फुसात पाणी साठलंय, आडवं झालं की गुदमरतं. पाणी काढतोय आपण. मग विचारलं, इतके दिवस कुणाला काही बोलल्या नाहीत का?
आत्याने मास्क बाजूला केला. माझ्याकडे बोट दाखवलं. "याला... सांगितलेलं."
मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने
जिन्यात बसलोय. लिफ्टला गर्दी होती म्हणून.
मास्तरला विचारलं, चूक माझी का? म्हणाला, "हा फार चांगला प्रश्न आहे! स्वतःला दोष देऊ नका."
आत्या मेली असती.
हे वाक्य कोणी लिहिलं माहीत नाही. खोडत नाही, वही खराब होते.

१७ फेब्रुवारी
पाणी उतरलं. आत्या टेकून बसते आणि बोलते. शेजारच्या खाटेवरच्या बाईला सुनेची बाजू पटवून देत होती, म्हणजे सून रात्रभर जागली वगैरे. मला बघून म्हणाली, हा माझा भाचा, डॉक्टर आहे. मग मला म्हणाली, काय ते नळकांडं गळ्यात अडकवलंयस, लाव की छातीला. बघ आत पाणी उरलंय का.
म्हटलं, नात्यातल्या माणसाला तपासू नये असा नियम आहे. (असावा.)
आत्या म्हणाली, लहानपणी सुई टोचायला माणूस आला की माझ्या मागे लपायचास. आता कुणाच्या मागे लपतोस रे?
म्हटलं, कुणाच्याच नाही.
बोका राउंडला चाललेला दिसला. मी त्याच्या मागोमाग निघालो.

२१ फेब्रुवारी
आत्या घरी गेली. रिक्षात बसवताना दादा माझ्याशी बोलला नाही. आत्या बोलली. रिक्षा सुटली तरी बोलतच होती.
निश्चय : रोज वॉर्ड. एकही दिवस खाडा नाही.

२८ फेब्रुवारी
परीक्षा तोंडावर आलेली असताना रोज वॉर्ड ही चैन परवडणारी नाही. थिअरी आधी. काकांबरोबर रोज दोन केस करतो. काकांच्या आजवरच्या सर्व रोगांचं निदान केलं आहे. इतके रोग होऊनही माणूस ठणठणीत आहे.

२६ मार्च, सकाळ
थिअरीचे पेपर झाले, आज प्रॅक्टिकल. तयारी चोख. मास्तरच्या मते पास होण्याची शक्यता ९४ टक्के. उरलेल्या सहाचा विचार करत अंथरुणात पडून होतो, म्हणजे मन एकाग्र करत होतो. तीनदा संडासला जाऊन आलो. पोट साफ असलेलं बरं.

२६ मार्च, संध्याकाळ
मला दिलेले पेशंट एक पोस्टमन होते, रिटायर झालेले. भला माणूस. पडदा ओढला. आत ते आणि मी. म्हटलं, काय होतंय? ते म्हणाले, कुठून सांगू?
मी थांबलो. ते माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. मी कशासाठी थांबलो होतो ते आत्ता कळतंय. मी पर्याय येण्याची वाट बघत होतो. अ, ब, क, ड.
शेवटी तेच म्हणाले, डॉक्टर, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? घाम आलाय. आणि स्वतःच्या तांब्यातलं पाणी मला दिलं. माझी पाठ चोळली. परीक्षक पडदा सारून आत आले तेव्हा पोस्टमन माझी नाडी बघत होते.
त्यांतल्या बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, यातला पेशंट कोण?
एकंदरीत ठीक गेलं. थिअरी उचलून धरेल.

८ एप्रिल
थिअरीत वर्गात दुसरा. प्रॅक्टिकलमध्ये नापास. थिअरी उचलून धरत नाही, दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. हे मास्तरने मला जानेवारीतच सांगितलं होतं. नियम लांबलचक होते म्हणून मी त्यांचा सारांश मागितला, त्यात ते गळलं.
पुन्हा परीक्षा सहा महिन्यांनी. बोका पास. रडत होता लेकाचा, माझ्यासाठी. म्हटलं, परीक्षकांचा घोळ आहे. मग दार लावून घेतलं.
आत्याचा फोन आला. घेतला. ती काही विचारायच्या आत म्हटलं, आत्या, मला भीती वाटते. ती म्हणाली, कुणाची? म्हटलं, सगळ्यांची. पेशंटची. ती मग म्हणाली, अरे, ते बिचारे आधीच घाबरलेले असतात.

११ एप्रिल
सकाळी एकटाच वॉर्डात गेलो. बोका आता इंटर्न, दुसऱ्या इमारतीत. ज्याच्या मागे उभं राहावं असं कुणी नव्हतं.
दाराजवळच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, डॉक्टर का?
म्हटलं, नाही, वजनकाटा तपासायला आलोय.
असं का म्हणालो, देव जाणे. पण म्हटल्यावर काटा तपासणं आलं. वाकून बघितला, सरकवला, वर उभा राहिलो, उतरलो. आजोबा लक्ष ठेवून होते. म्हणाले, चालतोय का? म्हटलं, चालतोय. म्हणाले, मग माझंही करा, इथे आल्यापासून कुणी केलं नाही.
उठायला त्यांनी हात पुढे केला. धरला. दुसरा हात पाठीला लावावा लागला, नाहीतर पडले असते. पाठीचा मणका न् मणका हाताला लागत होता. काट्यावर उभे केले. एकोणपन्नास.
ते म्हणाले, साठच्या वर होतं हो. मी विचारलं, कधीपर्यंत? ते खाटेवर बसले आणि सांगायला लागले. सुरुवात केली जावयाच्या घराच्या वास्तूपासून. काटेवाल्याला राउंड नसतो, लेक्चर नसतं, उठून जायला काही निमित्तच सापडेना. मीही बसलो. त्यांचं बोलणं संपेपर्यंत नाश्त्याच्या गाड्या येऊन गेल्या.
निदान झालं नाही.
निघालो तेव्हा आजोबा म्हणाले, तुमच्या कामाचा खोळंबा केला मी.
म्हटलं, छे. तसाही हा काटा उद्या परत बघावा लागणार आहे.