नोकरी कोणाच्या घरी जाईल

३ डिसें., मंगळ.

पोचलो. तिलवाऱ्याच्या पुलावर बस हळू झाली नि अख्ख्या बसनं खिडक्या उघडल्या. नर्मदेत नाणी. शेजारच्या बाईनं माझ्याही हातात एक ठेवलं. "डाल दो भैया, माँ है." आमच्यात नाही टाकत. तिला कसं सांगणार. ती उतरेपर्यंत मूठ मिटून बसलो.

दोन वर्षांपूर्वी याच पुलावरून बाबांना उलटं नागपूरला नेलं होतं, अँब्युलन्समध्ये. तेव्हा नदी पाहायची राहूनच गेली.

रांझीत मेश्राम काकूंकडे मागची खोली. काका बाबांच्या इथल्या सरकारी फॅक्टरीतले, आता रिटायर, कानांनी कमी ऐकतात. म्हणून काकू सगळ्यांशीच ओरडून बोलतात, माझ्याशीपण.

कशासाठी आलो ते एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यात फिरणार नाही. बाबा नोकरीत असताना गेले. तर घरातल्या एकाला अनुकंपावर जागा. दोन वर्षांनी कागद हलला. एक म्हणजे मी किंवा धाकटी बहीण सुजाता. सु. आय.टी.आय.ची टर्नर, मशीनवर हात बसलेला. मी बी.ए., क्रियापदं गाळून कादंबरी लिहून राहिलो. मामांनी नि आईनं ठरवलं: मी. पोरीला नोकरी दिली तर नोकरी उद्या दुसऱ्याच्या घरी जाईल, हे मामांचं. त्यावर कोणी काही बोललं नाही. मीपण नाही.

४ डिसें., बुध.

फॅक्टरीचं ऑफिस. बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, मफलर बांधून. म्हणाले, आपस में तय कर लो, सोमवार को दोपहर तक एक नाम दो, और जिसका नाम, वो सामने खड़ा हो. फिर नाम नहीं बदलेगा. मी म्हटलं, ठरलेलंच आहे. "तो सोमवार को वही बोल देना." चहा विचारला. नको म्हटलं नि नंतर वाटलं, घ्यायला पाहिजे होता.

बाहेर पडलो तर भोंगा. सायकली, सायकली, सायकली. त्यात एकजण माझ्यासमोर उतरून उभा. तिवारीजी. बाबांच्या बाजूच्या मशीनवर होते. "गजभिये जी के लड़के? चेहरा वही है." खांद्यावर हात ठेवला. मग माझ्या मागे पाहिलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"बिटिया नहीं आई?"

मी म्हटलं, मीच आलो. ते "अच्छा, अच्छा" म्हणाले. दोनदा म्हणाले.

मग सांगून राहिले. विश्वकर्मा पूजेला फॅक्टरी घरच्या लोकांसाठी उघडतात. सु. एकदा सुटीत बाबांकडे राहिली होती, तेव्हा तिला आत आणलं. बाकीच्यांच्या बायका-पोरं प्रसाद घेऊन, फोटो काढून गेली. ही खराद मशीनपाशीच, म्हणजे लेथपाशी, उभी. हे काहून, ते काहून. तिवारीजी म्हणे हात जोडले, "बिटिया, हमको नौकरी करने दोगी?" बाबा सगळ्या सेक्शनसमोर बोलले होते, मेरे बाद ये आएगी.

सेक्शनला माहीत. आम्हाला नाही.

बाबा घरी दिवाळीला यायचे नि गप्प बसायचे. हा बोलणारा माणूस कोण?

५ डिसें., गुरु.

थंडी. नागपूरची थंडी ही थंडी नाही हे कळलं. कमानिया गेटच्या बाजारात जाऊन स्वेटर घेतलं. खव्याची जिलबी खाल्ली, काळी, गरम. एकट्यानं गोड खाताना कुठं पाहायचं कळत नाही.

येताना बाबांच्या क्वार्टरवरून आलो. दारावर दुसऱ्याचं नाव. कुंपणावर दुसऱ्यांच्या चादरी. थांबलो तर आतून बाई आली, किससे मिलना है? "किसी से नहीं." ती अजून उभीच. मग कुंपणाला टेकलेल्या सायकलची चेन पाहिल्यासारखं केलं. सायकल माझी नव्हती.

लिहायला बसलो. तीन ओळी. तिन्हीत हिंदी शिरली. खोडल्या नाहीत.

काकू चहा घेऊन आल्या. "इतकं लिहिता तं आईला दोन ओळी काहून नाही टाकत?" काय टाकू.

६ डिसें., शुक्र.

महापरिनिर्वाण दिन. सकाळी विहारात. सगळे पांढऱ्यात, माझं नवं स्वेटर तेवढं निळं. वंदना झाली. मग ग्रंथातल्या मराठी वाचनाची वेळ. दरवर्षी बाबा वाचायचे म्हणे. इथल्या पोरांना समजतं सगळं, पण वाचायला लावलं की अडखळतात नि हसतात. ते गेल्यापासून वाचन बंद. काकूंनी मला पुढं ढकललं, "वाचा नं, लाजता काय पोरीसारखे."

वाचलं. मधेच मेश्राम काकांनी मान वर केली. त्यांना काही ऐकू येतं असं वाटत नव्हतं. मोठ्यांदा बोलले, "गजभिये कधी आला?" काकूंनी त्यांचा हात धरला. मी पुढची ओळ वाचली. कोणती वाचली आठवत नाही.

परत येताना रस्त्यात काकूंना विचारलंच. सु.चं बाबा तुमच्याजवळ बोलले होते का?

काकू पहिल्यांदाच हळू बोलल्या. बाबा बोलले होते. काकूंनी त्यांना म्हटलं होतं, पोरीची नोकरी उद्या सासरी जाईल. तर ते म्हणाले, "जाऊ दे नं. नोकरीसंग पोरगी जाईल, रिकाम्या हातानं तं नाही जाणार."

मग घरी काहून नाही बोलले?

"बोलणार होते. लग्नाचं वय झालं की बोलीन म्हणे."

आणि माझ्याबद्दल?

काकूंनी पदर सारखा केला. "त्याला बांधू नका म्हणायचे. तो एका जागी टिकणार नाही."

मला ते नेहमी म्हणायचे, तुला जे करायचं ते कर. कॉलेजात मित्रांना मी हे अभिमानानं सांगायचो, माझा बाप असा आहे म्हणून.

जेवलो नाही. काकूंनी ताट झाकून ठेवलं.

७ डिसें., शनि.

एस.टी.डी. बूथ. नागपूरला शेजारी बोरकरांकडे फोन, त्यांनी सु.ला बोलावलं. ती धावत आली असावी, दम लागलेला.

तिवारीजींचं सांगितलं. काकूंचं सांगितलं.

म्हटलं, सु., तुला पाहिजे का ही नोकरी?

"मला कोणी विचारलं होतं का दादा?"

"मी विचारून राहिलो नं."

"आता? दोन वर्षांनी?"

बूथवाला भैया माझ्याकडे पाहून मीटरकडे बोट दाखवून राहिला. तिचा आवाज खाली गेला. भंडाऱ्याचे लोक पाहून गेलेत तिला. मामांनी त्यांना सांगितलं, भाऊ सेंट्रल गव्हर्मेंटमध्ये लागला. त्यावरच त्यांनी होकार दिला. आई साडीचे रंग काढून बसली.

"मुलगा कसा आहे?"

"बोलला नाही. त्याची आईच बोलली." मग म्हणाली, "दादा, बाबा खरंच सगळ्यांसमोर बोलले?"

हो म्हटलं.

"माझ्यासमोर नव्हते बोलले. मी तिथंच तं होती, मशीनपाशी."

रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, उद्या रात्रीची बस धर, सोमवारी सकाळी मी स्टँडवर आहे, दुपारच्या आत तुला समोर उभं राहायचं आहे फक्त. ती म्हणाली, "मामा आले मागं." फोन ठेवला. की ठेवायला लावला.

८ डिसें., रवि.

संध्याकाळी पुन्हा लावला. बोरकर काकूंनी उचलला. "तुमच्या घरी सकाळपासून आवाज चालू आहे हो." सु.ला बोलवा म्हटलं. गेल्या, आल्या. दार लावलेलं, कोणी उघडत नाही. निरोप सांगाल का? "सांगून पाहते." सांगून पाहते.

दिवसभर हेच. मी जाऊन तिचं नाव सांगितलं नि ती आलीच नाही, तर जागा गेली. आई जन्मभर तोंड पाहणार नाही. मी माझं नाव सांगितलं तर सगळे खूश, सु. भंडाऱ्याला, नि मी भोंग्यावर उठणार. तिवारीजी बाजूच्या मशीनवर. रोज मला पाहणार.

आणि ती आली तर? तर मी कोण इथं? हे आत्तापर्यंत सुचलंच नव्हतं. नागपूरला काय आहे माझं. आमचं अनियतकालिक दोन अंकांपुढं निघालं नाही, मित्र नोकऱ्यांना लागले. ही खोली आवडायला लागली आहे. पिवळा दिवा, काकूंचं ओरडणं. नोकरी तिची नि खोली माझी, असं होत असतं तर.

काकूंनी विचारलं, उद्याच्या जेवणात किती माणसं धरू? मी म्हटलं, माहीत नाही. "मग दोन जास्त धरते," म्हणाल्या.

९ डिसें., सोम.

स्टँड. धुकं. बाकावर बसून लिहून राहिलो. हात हलत राहिला तर बरं.

नागपूरची पहिली बस आली. नाही. सिहोऱ्याची आली, दूधवाले, भाजीवाल्या. मधे एक मुलगी तिच्यासारखी चालली, उभा राहिलो, बसलो.

चौकशीवाला म्हणतो, अजून एक आहे नागपूरची, घाटात अडकली, लेट. कितना लेट? "जब आए तब." इथून फॅक्टरीला ऑटोनं जावं लागेल. बडे बाबूंनी दिलेल्या फॉर्मवर नावाची ओळ कोरी आहे. पेन हेच.

तिच्या बाजूनं मीच ठरवून राहिलो का? कोणी विचारलं नाही म्हणाली, तर मी विचारलं नि उत्तर यायच्या आधीच बस सांगितली. मामापण असंच करतात.

ऊन निघालं थोडं. चहा घेतला.

आली बस. काचा धुळीनं भरलेल्या, आतलं दिसत नाही. कंडक्टर उतरला. एक म्हातारा. पिशवी घेतलेली बाई.

मामा उतरले.

मला पाहिलं त्यांनी. हात केला नाही. दाराकडे वळून उभे आहेत, अजून कोणी उतरायचं असल्यासारखे. अजून लोक उतरून राहिले.