काळी हिमनदी

बाबा, गेल्या महिन्यात मी हिमनदी पाहिली. मोर्शीच्या शाळेत तुम्ही जन्मभर शिकवलीत आणि कधीच पाहिली नाहीत, ती. न्यूझीलंडला लेकीकडे गेले होते. माझ्या निवृत्तीचं निमित्त करून तिने हेलिकॉप्टरची तिकिटं काढली. बसवण्याआधी आमची वजनं केली, त्यावरून जागा दिल्या. मला खिडकी मिळाली.

तुमचा नियम आठवतो? शाळेत सर, घरी बाबा. सातवीत मी भूगोलाच्या वहीत हिमनदी काढली आणि मामाने दिलेल्या मासिकात होती तशीच रंगवली, मातकट काळी. तुम्ही वही अख्ख्या वर्गापुढे उंच धरता. "काहून वं, बर्फ कधी काया रायते काय? का सोताच्या तोंडाचा रंग लावला?" वर्ग खिदळतो. मॅट्रिक होईपर्यंत पोरं मला काळी हिमनदी म्हणत राहिली आणि तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करत राहिलात.

त्या संध्याकाळी मी मासिक घेऊन स्वयंपाकघरात आले. चित्राकडे न पाहताच तुम्ही म्हणालात, "शाळेतलं शाळेत. जेवू दे मले." आई तव्यावरची भाकर उलटत राहिली, तिने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी मासिक वर्गात नेलं, तर सरांनी जप्त केलं. घरी विचारावं तर सर नाहीत, शाळेत विचारावं तर बाबा नाहीत. छान सोय होती तुमची. माझं बरोबर होतं, एवढं एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं मला. तुम्ही गेलात म्हणून तो राग जावा, असं मला अजिबात वाटत नाही.

हेलिकॉप्टर शिखरांवरून वळलं. वरचा बर्फ डोळे दिपवणारा, पांढराशुभ्र. मग खाली हिमनदीचं टोक दिसलं, दगडमातीने भरलेलं, आपल्या नांगरलेल्या वावरासारखं काळं. हेडफोनमध्ये लेक म्हणाली, "आई, किती घाण दिसते गं ही." मी म्हटलं, घाण नाही, हिमनदी डोंगर खरवडत येते आणि तो सगळा गाळ अंगावर घेऊन चालते. बोलून झाल्यावर लक्षात आलं, हे तुमचंच वाक्य, फळ्यासमोरचं, शब्दन्शब्द. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. त्या दिवशीही ठाऊक होतं.

हे पत्र वहीतच राहणार आहे, म्हणून कबूल करते. ती काळी दिसल्याबरोबर, लेकीच्याही आधी, मी काचेला नाक लावून ओरडले होते. "सर, पाहा ना!" हेडफोनमधून पायलटनेही ऐकलं. बाबा म्हणायचं मला सुचलंच नाही.