सायेबाचा डावा कान

९ नोव्हेंबर, रविवार

आजपासून नियम. दिवाबत्ती झाली की मोठ्यानं वाचायचं. मनातल्या मनात वाचताना मी ओळी गाळते. मोठ्यानं वाचलं की जीभ गाळू देत नाही.

माझे मालक, लेकीचे म्हणजे दामिनीचे बाबा, वारले तेव्हापासून हा नियम बंद होता. ऐकणार कोण? मग आज लक्षात आलं, सायेब आहे की.

सायेब म्हणजे ससा. पांढरा. बाबांनी जायच्या वर्षी गडचिरोलीच्या बाजारातून आणला आणि म्हणाले, काम काई करत नाई, खायले मात्र टायमावर पाहिजे, याचं नाव सायेबच.

आजच्या पानावर एक माणूस पुराच्या पाण्यात नाव घालतो आणि पान संपतं. माझी सगळी पुस्तकं अशीच. दामिनीचे बाबा बल्लारपूरला पेपर मिलमध्ये होते. रद्दीच्या गठ्ठ्यांतली सुटी पानं मुकादमाला विचारून घरी आणायचे. मी चौथीपर्यंत गेलेली, लग्नानंतर त्या पानांवर खरं वाचायला शिकले. कशाला सुरुवात नाही, कशाला शेवट नाही. मशीनच्या आवाजानं बाबांचा एक कान गेला होता. मान कलती करून चांगला कान माझ्याकडे धरायचे, आणि पान संपलं की विचारायचे, मंग काय झालं? पुढचं मी मनानं सांगायची.

आजही सांगितलं. नाव काठाला लागली, माणूस चिखल तुडवत घरी आला.

सायेबानं जोरजोरात मान हलवली. पसंत पडलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सायेब आता वाचन नसतानाही मान हलवतो. मागच्या पायानं डावा कान खाजवतो, तेव्हा पिंजरा वाजतो.

शेजारची इंदुताई कुडाच्या भिंतीवरून डोकावली. म्हणाली, गोकुळाबाई, त्याच्या कानात काई झालं असन, तालुक्याले, सावलीले, जनावराच्या दवाखान्यात दाखवा. मी म्हटलं, त्याची गरज नाही, माझ्याकडे पुस्तक आहे. ती म्हणाली, तुमच्याकडे पुस्तक नाई, पानं हायेत.

दुर्लक्ष केलं. जिला वाचायचा कंटाळा, तिला पानं आणि पुस्तक यातला फरक कसा कळावा. (लिहून झाल्यावर वाटलं, कळला आहे.)

रद्दीत आलेल्या ससेपालनाच्या एका पुस्तिकेची पानं शोधली. शेवटच्या पानावर तळाशी बरोबर तेच होतं: “ससा वारंवार कान खाजवत असल्यास, मान झटकत असल्यास अथवा कान खाली सोडून बसत असल्यास त्वरित”. संपलं पान.

आयुष्य गेलं पुढचं रचण्यात. हे काय अवघड आहे? त्वरित कोमट तेल घालावे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मोहाच्या बियांचं तेल घेतलं, त्यात लसूण कढवला. आमच्याकडे कोणाचाही कान दुखला की हेच. दामिनीचा कान यानंच बरा व्हायचा, निदान ती तरी दुखत नाही म्हणायची.

अर्धं तेल सायेबाच्या कानात, उरलेलं माझ्या लुगड्यावर आणि भिंतीवर. मग काडीला कापूस गुंडाळून कान साफ केला. आत तपकिरी खपल्या, पापडासारख्या एकावर एक. बऱ्याच काढल्या. काही आत सरकल्या, पण त्या आपोआप येतील.

हातावर ओरखडे. उपचार यशस्वी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

खाजवणं कमी. डावा कान तेवढा खाली पडला आहे. आराम वाटत असावा.

इंदुताई म्हणाली, घरात भाजी फोडणीले टाकली काय? सशाचा वास आहे, असं मी सांगितलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज फार बरं वाटलं.

वाचायला बसले. पानावर कोणी एक जण नोकरी सोडून रेल्वेत बसतो. सायेब समोर आला आणि त्यानं मान कलती केली. डावीकडे. वाचून होईपर्यंत तशीच ठेवली.

पान मांडीवर पालथं ठेवलं. मग सांगितलं. गाडी थांबली, तो उतरला, पिशवी घेऊन घरी आला. दारात त्याच्या बायकोनं पायावर पाणी घातलं.

तेलानं कान मोकळा झाला आणि ऐकू यायला लागलं, हे उघड आहे. ज्ञान वाया जात नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मान अजून जास्त कलती. एकाग्रता वाढली. आज दोन पानं वाचली. दोन्हीकडची माणसं सुखरूप.

दामिनीचा नागपूरहून व्हिडिओ कॉल. तिला सायेब दाखवला. म्हणाली, आई, त्याची मान वाकडी झाली आहे. मी म्हटलं, ऐकतोय. ती म्हणाली, आई, मी बोलतच नव्हते.

नेटवर्क नसल्याचं सांगून फोन ठेवला. नेटवर्क चांगलं होतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सायेब पिंजऱ्याबाहेर सोडला तर गोल फिरतो. एकाच बाजूनं. प्रथम वाटलं, व्यायाम.

मग पाण्याच्या वाटीत तोंडावर पडला. सांबाराच्या काड्या आणल्या होत्या, कोथिंबीर म्हणजे त्याच्या जिवाचा आवडता पाला, त्या तशाच पडल्या. लेंड्याही थोड्याच.

इंदुताईला हाक मारली नव्हती. आपणच आली. त्याला उचललं, कानाजवळ नाक नेलं आणि तोंड फिरवलं. म्हणाली, बाई, कान सडला याचा, वास येऊन राह्यला. मी म्हटलं, बघ तरी कसा ऐकतो. तिनं त्याला खाली ठेवलं. म्हणाली, तो ऐकून नाई राह्यला, गोकुळाबाई. त्याचं दुखून राह्यलं.

एवढंच. मला बसायलाही सांगितलं नाही, पण मी बसले.

आज वाचन नाही. तो गेला तर बाबांनी हातानं आणलेलं घरात जिवंत असं काही उरणार नाही. हे मला माहीत होतं. म्हणूनच तर दवाखान्यात गेलं की कोणी काही बोलेल, ते ऐकायचं नव्हतं. म्हणजे बहिरं कोण होतं ते लिहायची गरज नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळच्या काळीपिवळी जीपनं सावलीला. सायेब टोपलीत, भाताच्या तणसावर, वरून माझा टॉवेल. इंदुताई सोबत. गाडीत एकानं विचारलं, कोंबडी काय? इंदुताई म्हणाली, सायेब हाये, सरका जरा.

डॉक्टरबाई लहान वयाची. आधीच सांगून टाकलं की माझ्याकडे गाई-बकऱ्या जास्त येतात, ससा कमी, पण बघते. कानात बॅटरी धरली. म्हणाली, आत बारीक किडे झाले आहेत, उवांसारखे. ससा मान झटकतो, खाजवतो, कान पाडतो, आत खपल्या साचतात, वास येतो. तेव्हाच आणायचं असतं. मान वाकडी झाली म्हणजे दुखणं आतल्या कानापर्यंत गेलं, तोल जातो म्हणून गोल फिरतो. खपल्या ओढून काढायच्या नसतात, औषधानं आपोआप सुटतात.

मग विचारलं, यात तेल कोणी घातलं?

मी म्हटलं, शेजारणीनं सांगितलं होतं.

इंदुताई माझ्या शेजारीच उभी होती. छताकडे बघत राहिली.

डॉक्टरबाईनं इंजेक्शन दिलं, औषध दिलं, खाण्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं. वाचेल का म्हटलं तर म्हणाली, सांगता येत नाही, ससा दुखणं लपवतो, दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. मी म्हटलं, हो. असा एक जण माझ्या ओळखीचा होता.

त्या पुस्तिकेतली ओळही विचारून घेतली. “त्वरित” नंतर काय असेल? डॉक्टरबाई म्हणाली, डॉक्टरांना दाखवा, दुसरं काय असणार.

परतताना टोपली इंदुताईनं मांडीवर घेतली. उतरताना म्हणाली, गोकुळाबाई, त्या शेजारणीचं नाव काय होतं?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पिंजरा उकळत्या पाण्यानं धुतला. तणस जाळलं. पाला हातानं भरवते. इंदुताई धरते, मी भरवते. तिला सॉरी म्हणायचं ठरवलं होतं. त्याऐवजी चहा दिला. तिनं त्यात साखर कमी असल्याचं सांगितलं.

आज त्यानं स्वतः एक काडी ओढली.

३० नोव्हेंबर, रविवार

खातो. खपल्या सुटून पडल्या. मान थोडी सरळ.

मी खूश आहे. हे दोनदा लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही. मी खूश आहे.

७ डिसेंबर, रविवार

दुसरं इंजेक्शन काल झालं. कान उभा. मान सरळ. अगदी सरळ.

संध्याकाळी पान काढलं. एक फौजी बर्फात वाट चुकतो. सायेबानं दोन ओळी ऐकल्या, माझ्याकडे पाठ केली आणि खाटेखाली जाऊन पुस्तिकेचं ते शेवटचं पान खात बसला. त्याला आता नीट ऐकू येतं, आणि त्याचं मत असं आहे.

मी पान मिटलं. रिकाम्या खोलीत एकटीनं बर्फात कशाला फिरायचं?

तेवढ्यात कुडाच्या पलीकडून इंदुताई ओरडली, थांबल्या काऊन? मंग काय झालं?

कधीपासून ऐकतेस म्हटलं. म्हणाली, पुरातल्या नावेपासून. काय करणार, भिंत कुडाची हाये. मग म्हणाली, पण एक सांगू का, बाई? तुमच्या सगळ्या पानातला माणूस शेवटी घरीच येते. दुसरं काईच होत नाई काय कोणाले?

मी मिटलेलं पान परत उघडलं. कागदाचा आवाज तिला पलीकडे गेला असावा. मग हळू आवाजात म्हणाली, येऊ द्या, येऊ द्या. सांगा.

उद्यापासून शेवट बदलायचे, हा नियम. आजचा फौजी तेवढा घरी आला.