मला कोण न्हाऊ घालील याविषयी

मी, वेलुत्ताय, ताडगूळवाले कै. सुडलैमुत्तू यांची विधवा, वय सुमारे एकाहत्तर, राहणार कीळपट्टी, जिल्हा विरुदुनगर, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. माझ्यावर दडपण नाही असं म्हणवत नाही. आहे, पण ते सही करू नये म्हणून आहे.

१. राहतं घर चेल्लदुरै आणि गुरुसामी या माझ्या मुलांना निम्मं निम्मं. गूळ आटवायची मोठी कढई थोरल्या सुनेला. तिच्याइतकी ती कुणी नीट घासत नाही. कानातलं सोनं धाकट्याच्या मुलीला. तिच्या बापाने ते मी जिवंत असतानाच मागून पाहिलं आहे.

२. मात्र मला तेल थापून, न्हाऊ घालून, शहाळी पाजून मारलं, तर मुलांना काही मिळू नये. घर काळिअम्मन देवळाला जावं. यांच्या बापाला, अय्यांना, असंच पाठवलं. मी भावाकडे बारशाला गेले होते. परतले तेव्हा अंगण तेलाने निसरडं झालं होतं. थोरला म्हणाला, "अम्मा, अय्याच म्हणाले, आता पुरे." अर्धांगाने त्यांची जीभ लुळी पडली होती, पाणी हवं असलं तरी हात आपटायचे. गावात कुणी चौकशी केली नाही, कारण घरोघरी एक म्हातारं माणूस आहे. मुलांचा बापावर जीव होता हे खरं आहे, आणि मला त्याचीच भीती वाटते. मी त्यांना माफ केलेलं नाही.

३. माझी वाचा किंवा शुद्ध गेली, तर डॉक्टर, नळ्या, औषध, पेज, सगळं शेजारीण शेनबगवल्ली ठरवील. आमचं सांडपाण्यावरून भांडण आहे आणि ती मला काय काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण अय्यांना न्हाऊ घातलं त्या दिवशी रस्त्यात उभी राहून ओरडली ती एकटीच. तिला माझ्याकडून चमचाही मिळणार नाही. गटार आहे तिथेच राहील. माझ्या मरणात तिचा फायदा नसावा, म्हणून तर तिला नेमलं.

४. वकील म्हणाले, मृत्युपत्र मेल्यावर चालतं, जगण्याची कलमं यात कशाला? त्यांनी त्याचा वेगळा कागद करून दिला आहे. पण माझे मुलगे वाटणीचाच कागद वाचतात, म्हणून इथेही लिहवलं आणि आजच वकिलांकरवी त्यांना वाचून दाखवलं. धाकटा म्हणाला, "परक्या बाईच्या हातात आई? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "अय्यांच्या वेळी काय म्हणाले रे लोक?" तो उठून गेला. थोरला बसून राहिला, पण मान वर केली नाही.

५. शेवटी शेनबगवल्लीला विचारलं, "दुखणं सोसेना आणि मीच तेल मागितलं तर?"

ती मग म्हणाली, "दुखणं थांबवायला डॉक्टर आणीन, अक्का. तेल नाही. तू शिव्या घालशील, त्या उशाशी बसून ऐकीन."

त्या वेळी मी काहीही म्हटलं, तरी तिचाच शब्द धरावा. माझा धरू नये.

वेलुत्ताय (अंगठा)

नेमणूक मान्य: शेनबगवल्ली (सही)

साक्षीदार: अरुणाचलम, पोस्टमन, तंगपुष्पम, शिक्षिका

कीळपट्टी, १४ ऑक्टोबर २०१९