माझा क्रीम कालखंड

३ मे
बातमी पक्की. साडूने स्वतः वेबसाइट उघडून खात्री केली आणि मगच फोन केला. बाईंची रेसिडेन्सी यंदा सर्वांसाठी खुली, वयाची अट नाही. बाई म्हणजे ज्यांच्या एका निळ्या पट्ट्यापुढे लोक खुर्ची घेऊन बसतात, त्या. सहा चित्रकार, जुन्या गोदामातले सहा स्टुडिओ, जूनच्या मध्यापासून महिनाभर बाईंचा सहवास. माझं काम झाल्यातच जमा आहे. फक्त अर्ज करायचा राहिलाय.

४ मे
रोज पहाटे पाचला उठून चित्र काढायचा संकल्प. साडेसातला उठलो. अमूर्ताला घाई चालत नाही.

७ मे
दिवस रंगाच्या दुकानात, शेड मिसळायच्या मशीनवर. एका गिऱ्हाइकाने मी बनवलेला क्रीम परत आणला. पिवळट मारतो म्हणे. मालकांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. डबा घरी आणला. माझी सगळी चित्रं अशा परत आलेल्या डब्यांतूनच झाली आहेत, आणि लोक परत आणतात तो क्रीमच. जाणकार पुढे याला माझा क्रीम कालखंड म्हणतील.
हिला नवं चित्र दाखवलं. झालंय, की अजून मारायचंय, असं विचारते. लग्नाला वीस वर्षं झाली!

१२ मे
अर्ज गेला. मी सांगत होतो, धाकटी टाइप करत होती. ‘आपल्या कामाविषयी लिहा’ इथे गाडी अडली. आत्म्याविषयी लिहिणार होतो. आत्मा काही केल्या जुळेना. मग येतं ते सांगितलं : प्लायवर, आधी प्रायमर, वर दोन कोट, ओल्या फडक्याने पुसता येतं. अनुभव, बावीस वर्षं रंगातच. धाकटी म्हणाली, बाबा, हे कोटेशन वाटतंय. तिला म्हटलं, जड भाषा सगळेच पाठवतात, बाईंना प्रामाणिक माणूस हवा असेल. संपर्काला दुकानाचा नंबर दिला. तिथे फोन निदान कुणीतरी उचलतं.
अर्जाला चित्रांचे फोटो जोडले, त्यातल्या चौथ्या चित्राला नाव दिलं नाही. आई गेल्यावर महिनाभर तेच एक करत बसलो होतो. फोटोत नुसता क्रीम दिसतो. बाईंना दिसेल.

२० मे
फोन नाही. निवड समिती बहुधा माझ्यावरच अडली असावी.

२९ मे
फोन आला! बाईंच्या ऑफिसातून. मालकांनी घेतला. निरोप असा की, तुमचं काम आवडलं, विशेषतः नंबर चार. चार तारखेला भेटायला या. डोळ्यांत पाणी आलं. टर्पेंटाइन झोंबलं म्हणून सांगितलं. मालकांकडे चार जूनपासून दीड महिना बिनपगारी रजा मागितली. ते म्हणाले, एवढी कशाला? म्हटलं, लागेल. साडूला, शेजाऱ्यांना, लिफ्टवाल्यालाही कळवलं.

१ जून
ऑफिसातून पुन्हा फोन. किती लिटर लागेल? घरी सांगितल्यावर धाकटी माझ्या तोंडाकडे बघत बसली. ही म्हणाली, अहो, चित्रकारांना लिटरवर मोजतात का? मी म्हणालो, काम मोठ्या आकाराचं असणार.

४ जून
नंबर चार चादरीत गुंडाळून नेला. बाई स्वतः भेटल्या. चित्र खिडकीशी धरून त्यांनी खूप वेळ पाहिलं. एवढा वेळ ते आजवर कुणीच पाहिलं नव्हतं. मी चादरीची घडी घालत उभा.
मग म्हणाल्या, अगदी हाच. नजरेला कुठे अडत नाही. सहाही खोल्यांच्या भिंतींना हाच द्या, म्हणजे येणाऱ्यांच्या चित्रांवर लक्ष राहील. दोन कोट ना?
मी अर्ज केला होता, असं म्हणायचं होतं. म्हणालो, हो, दोन कोट, ओल्या फडक्याने पुसताही येतो. हे शेवटचं मी का सांगितलं, देव जाणे.

५ जून
दुकानाच्या रंगाऱ्याचा पाय मुरगळलाय. मालक म्हणाले, तुझी रजा आहेच, तूच जा.
साडूचा फोन : काय मग, निवड झाली ना? म्हटलं, उद्यापासून तिथेच आहे. यात खोटं काही नाही.
हिने शिडी पुसून दाराशी ठेवली. नंबर चार आतल्या खोलीत आईच्या फोटोशेजारी लावला आणि विचारलं, हे झालंय ना? हो म्हणालो.
उद्या सकाळी आठला पहिली खोली. पंधराला चित्रकार येतील. त्याआधी प्रत्येक भिंतीच्या कोपऱ्यात सही करायची ठरवली आहे, चांगली मोठी, पहिला कोट वाळला की लगेच.
दुसरा कोट परवा. तोही मलाच मारायचाय.